सुकडीचा सदरा

खाजामियाँनी तालुक्याच्या गावी, भूमला, दुसरी बायको केली आहे, ही बातमी गावात पहिल्यांदा कुणी आणली ते आता सांगता यायचं नाही. पण प्रेमाबाईंच्या तोंडून निघाल्यावर ती पक्की झाली, एवढं खरं. प्रेमाबाई दूध सोसायटीच्या जुन्या सभासद. सकाळी केंद्रावर पहिली किटली त्यांची आणि पहिली बातमीही त्यांचीच. दुधात पाणी घालायला त्या भीत. बातमीत घालायला नाही.

पुरावा काय, तर सदरा. खाजामियाँ सोसायटीचे सेक्रेटरी. पहाटे घरून निघत ते पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. केंद्रावर दूध मापताना अंगात विटका निळा. घरी परतताना पुन्हा पांढरा, हाततोंड धुतलेलं आणि अंगाला साबणाचा घमघमाट. तो निळा सदरा ते स्वतः धूत, केंद्रामागच्या दगडावर, दुधाचे कॅन धुवायच्या सोड्यानं. त्यात आठवड्यातून दोनदा दुधाच्या गाडीत बसून भूमच्या शीतकरण केंद्रावर फेरी. मग आणखी काय पाहिजे?

"बायकू जिती असताना ज्यो गडी आपला सदरा आपल्या हातानं धुतो," प्रेमाबाई म्हणत, "त्याच्या सदऱ्याला कायतरी लागल्यालं असतंय बाई!"

गंमत अशी, की एवढं वाक्य मात्र अक्षर न् अक्षर खरं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात खाजामियाँ पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होते. शेजारच्या ढिगावर बौद्धवाड्यातला पिराजी. एका दुपारी दोघांना कोरड्या विहिरीतून बारीक कुंईकुंई ऐकू आली. खाली पिल्लू. खाजामियाँनी दोर कमरेला बांधला, दुसरं टोक पिराजीच्या हातात दिलं आणि पाय आत सोडले.

मुकादम धावत आला. "आरं, माणसं मराय लागली आन् तू कुत्र्यापायी हिरीत उतरतूस व्हय?"

"माणसं वर हायती मुकादम," खाजामियाँ आतूनच म्हणाले, "हे खाली हाय."

कामावर दुपारच्याला सुकडी मिळायची, सरकारी, गोडसर कोरडं पीठ. खाजामियाँनी आपल्या वाट्याची तळहातावर घेऊन पिल्लापुढं धरली. ते तुटून पडलं. अंगावरच्या फासळ्या लांबून मोजाव्यात अशी ती कुत्री. पिराजी म्हणाला, "खाजाभाई, हिला सुकडी चारताय का हीच सुकडी हाय?" झालं, बारसं उरकलं.

घरी फातिमाबी दारातच उभ्या. त्या घरची बोली दखनी. इथं आपल्या सोयीनं मराठीत घ्यायची.

"जीव वाचवला, चांगलं केलं. अल्ला बघतोय," त्या म्हणाल्या, "पण उंबऱ्याच्या आत न्हाय. आन् अंगाला अंग तर न्हायच न्हाय. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की नमाज कशी पढणार तुमी? जबान द्या."

"हौ," खाजामियाँ म्हणाले. या एका शब्दावर त्यांचा सगळा संसार चालला होता.

जबानीचा पहिला अर्धा भाग त्यांनी शेवटपर्यंत पाळला. सुकडी पिराजीच्या अंगणात वाढली. दुसरा अर्धा भाग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. सुकडीची रामराम करायची तऱ्हा ठरलेली होती: दोन्ही पाय माणसाच्या छातीवर आणि जीभ थेट हनुवटीवर. तिला ढकलून द्यायला जे मन लागतं ते खाजामियाँकडं नव्हतं. मग त्यांनी एक जुना निळा सदरा पिराजीच्या खुंटीला अडकवला. सुकडीला भेटायचं ते निळ्यात, नमाज पढायची ती पांढऱ्यात. पुढं गावात दूध सोसायटी आली. चार बुकं शिकलेले म्हणून खाजामियाँ सेक्रेटरी झाले, कॅन उचलायला पिराजी लागला, राखणीला सुकडी, आणि खुंटी केंद्रात आली.

सुकडी लॅक्टोमीटरशेजारी बसायची. किटली ओतताना थेंब सांडला की चाटायची. एकदा तात्यारावांच्या दुधाचा थेंब हुंगून तिनं तोंड फिरवलं. लॅक्टोमीटर बुडवला तर तोही तेच म्हणाला. त्या दिवसापासून तात्याराव किटली उघडण्याआधी कुत्रीला हात जोडत, "बाई, आज भेसळ न्हाय, तेवढं तोंड फिरवू नगंस!"

अशी बारा वर्षं गेली. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुकडी बसली ती उठेना. खाणं सुटलं. रस्त्यावरची कुत्री अंगावर यायला लागली, तसं खाजामियाँनी तिला केंद्राच्या मागच्या खोलीत, रिकाम्या कॅनांच्या गारव्याला, पोत्यावर निजवलं आणि दार ओढून घेतलं. कुणाला बोलले नाहीत. बोललं की खरं होईल असं त्यांना वाटे. ती जाणार हे त्यांना कळत होतं. एकटी जाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. विहिरीत ती एकटी होती.

चार दिवस सुकडी दिसली नाही. लोक म्हणाले, म्हातारं कुत्रं, गेलं असंल कुठंतरी मरायला. गुरुवारी प्रेमाबाई किटलीचं विसरलेलं झाकण न्यायला केंद्रावर आल्या, तर बंद दाराआडून सेक्रेटरींचा आवाज:

"राणी माझी, दोन घोट घे की. मला सोडून चाललीस व्हय? तुझ्याबिगर इथं कोण हाय मला?"

झाकण तिथंच राहिलं. प्रेमाबाई कशीबशी रात्र काढून सकाळी फातिमाबींच्या दारात. "भाबी, माझं नाव घिऊ नका, पण ती भूमची हितं आणून ठिवलीय. सोसायटीच्या खोलीत. आजारी दिसती. राणी म्हणत्यात तिला."

साबणाचा तो वास बारा वर्षं फातिमाबींच्याही नाकाला येत होता. दुपारी नवरा जुम्म्यासाठी आंघोळ करून, कडक पांढरा सदरा घालून, अत्तर लावून निघाला. थोड्या वेळानं त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि मागोमाग निघाल्या.

खाजामियाँ मशिदीकडंच चालले होते. पाय केंद्राकडं वळले. दारातून नुसतं बघायचं आणि जायचं. निळा सदरा घरी जाताना धुतलेला, तारेवर टपटप गळत होता. त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकून सुकडीनं शेपूट हलवलं. ते कॅनवर आपटलं, टण्. एकदाच. मान उचलायला जमली नाही. श्वास तुटक चालला होता.

आता गेलो तर परत येईस्तोवर ही नसेल, हे खाजामियाँना दिसलं. ते खाली बसले, तिला उचलून मांडीवर घेतलं. सुकडीनं हनुवटी पांढऱ्या सदऱ्यावर, नेहमीच्याच जागी टेकवली आणि एकदा चाटलं.

दार ढकलून फातिमाबी आत आल्या. खोलीभर नजर फिरवली. कॅन, पोतं, नवरा, कुत्री.

"कुठं हाय ती?"

"कोण?"

"जिला राणी म्हणता ती."

खाजामियाँनी मांडीकडं पाहिलं. "हीच की."

फातिमाबींनी खिडकीतून तारेकडं बोट केलं. "आन् तो सदरा?"

"माझाच. हिच्यासाठीचा. तुला जबान दिली हुती ना, म्हणून..."

"बारा वर्सं?"

"हौ."

फातिमाबी खिडकीशी गेल्या. निळ्या सदऱ्याला काळ्या दोऱ्यानं वेड्यावाकड्या गुंड्या लावलेल्या. "मला सांगायचं तरी," त्या म्हणाल्या, "गुंड्या नीट लावून दिल्या असत्या. पाणी पाजलं का हिला?"

"घेत न्हाय."

त्यांनी पदराचं टोक कोपऱ्यातल्या माठात बुडवलं आणि सुकडीच्या तोंडात पिळलं. दोन थेंब आत गेले. जीभ पदराला लागली. फातिमाबींनी पदर मागं घेतला नाही.

अजान झाली तेव्हा सुकडी गेली होती. मशिदीत खाजामियाँची जागा त्या दिवशी रिकामी राहिली, आणि तेही गावानं टिपून ठेवलं.

पिराजीनं केंद्रामागच्या लिंबाखाली खड्डा काढला. फातिमाबींनी तारेवरचा ओला निळा सदरा काढून सुकडीभोवती गुंडाळला. "तिचाच हाय. तिला द्या." खाजामियाँ गठुडं धरून काठावर बसले, हातातून सोडवेना. तेव्हा पिराजी खड्ड्यात उतरला आणि त्यानं खालून हात वर केले.

"हिरीतनं वढताना दोर म्या धरलाता खाजाभाई. आता बी मीच हाय. सोडा."

खाजामियाँनी सोडलं.

लाळ लागलेला पांढरा सदरा फातिमाबींनी रिवाजाप्रमाणं सात पाण्यांनी धुतला, एकेक पाणी मोठ्यानं मोजून. त्यानंतर खाजामियाँ पांढऱ्यात जात आणि पांढऱ्यातच येत. प्रेमाबाईंनी महिनाभर बघितलं आणि निकाल दिला, "भाबीनं हाकललीच म्हणायची भूमचीला!" राहवेना म्हणून एकदा विचारलंसुद्धा.

"गेली बाई," फातिमाबी म्हणाल्या, "चांगली हुती."

भूमला कुणी नव्हती. खाजामियाँना बायको एकच होती. सदरे दोन होते.