घर बंद, रोगी नाही

प्रश्न एकच आहे. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत औषधाची पेटी सोमवारी आमच्या गावात आली होती. मग ती गावालगतच्या मळ्यांत गुरुवारपर्यंत का पोचली नाही? अंतर हे कारण नव्हे. शाळेपासून मळ्यातल्या पहिल्या विहिरीपर्यंत मी स्वतः चाललो आहे. पाव तास पुरतो.

नांदगाव खंडेश्वराच्या बाजूला एका खेड्यात मी मास्तर होतो. ताप, खोकला आणि मान मोडल्यासारखी अंगदुखी घेऊन ती साथ आली, शाळा बंद झाली आणि वरून हुकूम आला: अमरावतीहून कंपाउंडर येईल, मास्तरने त्याच्याबरोबर घरोघर फिरून रोग्यांची यादी करावी. तक्ता छापील होता. घर क्रमांक, मालक, रोगी, औषध, शेरा. औषध यादीतल्या रोग्यालाच द्यायचे आणि त्याच्या दारातच द्यायचे. या नियमाला हेतू होता, हे मी मान्य करतो. बाटल्या कोणी साठवू नयेत, हा तो हेतू.

कंपाउंडर आळशी नव्हता, उर्मटही नव्हता. तसा असता तर हे प्रकरण समजायला सोपे गेले असते.

सोमवारी आम्ही भाजी पिकवणाऱ्यांच्या आळीत शिरलो, तर दारोदार कुलपे.

"कुलूप लावून गेले म्हणजे हिंडतेफिरते आहेत," कंपाउंडर म्हणाला. "लिहा मास्तर. घर बंद, रोगी नाही."

मी लिहिले. एका कुलपाखाली दुसरे, दुसऱ्याखाली तिसरे, सुवाच्य अक्षरात. कुलूप लावणारा गेला कुठे, हे मला विचारावेसे वाटले नाही. विद्यार्थ्याने असे गणित सोडवले असते, तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

बुधवारच्या बाजारात वांगे नव्हते, मेथी नव्हती. "बागवाले माजले," असे कोणी म्हणाले, आणि मी डाळ घेऊन घरी आलो. तेव्हाही मला सुचले नाही.

गुरुवारी कंपाउंडर शेजारची गावे उरकून परतताना शाळेत थांबला होता. इतक्यात आळीतला एक बागवाला आला. डोळे लाल, अंगावर घोंगडी, काठीचा आधार.

"मास्तर, माही सून मळ्यात पडली हाये. पोटुशी हाये. घरातले समदे तापानं पडले, पानी पाजाले मानूस नाही. औषध द्या."

"मळ्यात काहून नेली?" मी विचारले.

"तुमीच तं पोराईले शिकवलं होतं जी! साथ आली का गाव सोडा, वावरात झोपडी बांधा. पोरानं घरी येऊन पाठ म्हनून दाखवला. आता मलेच इचारता?"

त्याचे म्हणणे खरे होते. प्लेगात गाव सोडावे, हे सरकारने सांगितले होते, मी फळ्यावर लिहिले होते आणि माणसांनी ते मनावर घेतले होते. आता त्याच सरकारची पेटी रिकाम्या दारांपुढून फिरत होती.

कंपाउंडरने तक्ता उघडला. "यांचे घर निरोगी लिहिले आहे. औषध दारातच द्यायचे असते, बाबा."

"दार पायजे?" बागवाला म्हणाला. "चाला."

तो खोकत आपल्या आळीत गेला, कुलूप काढले, उंबरठ्यावर बसला आणि हात पुढे केला. "हे दार. हा मी. आता दे बाप्पा."

कंपाउंडरने मापून एका माणसाचे औषध दिले.

"आन् सुनेचं?"

"ती दारात नाही."

"मंग तिले खाटेवर घालून आनू का आता? तुह्या कागदाले दाखवाले?"

मी कंपाउंडरच्या हातून तक्ता घेतला, घर क्रमांकाच्या रकान्यात 'मळा' असे लिहिले आणि पेटी उचलली. तो मागून आला. सारी वाट नियम सांगत आला, पण आला.

झोपडीत सून शुद्धीवर होती, परंतु ओठ सुकून चिरले होते. औषधाने काय केले, मला सांगता येत नाही. पाण्याने केले, हे मी पाहिले. माझी पत्नी पेज घेऊन आली आणि चार दिवस येत राहिली. सून वाचली. मूल वाचले नाही. सोमवारी गेलो असतो तर वाचले असते का, हे मी ठरवू शकत नाही. विचारत मात्र आलो आहे.

महिन्याभराने माझा तक्ता परत आला. 'मळा' या शब्दाभोवती तांबडे वर्तुळ होते आणि बाजूला लिहिले होते की हा घर क्रमांक नाही, दुरुस्त करून पाठवावे. 'घर बंद, रोगी नाही' या ओळींना कोणी बोट लावले नव्हते.

तेव्हा माझे उत्तर असे: औषध दारांसाठी निघाले होते, माणसे दाराबाहेर राहायला गेली होती, आणि दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला एकच मनुष्य गावात होता. तो मी.

हे केवळ आमच्या गावापुरते असेल, तर ते मला कळले पाहिजे. वाचकांनी आपापल्या गावी त्या वर्षीचे तक्ते पाहावेत, बंद लिहिलेली घरे शोधावीत, आणि त्या घरची माणसे तेव्हा कुठे राहत होती, हे तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारून खात्री करून घ्यावी.