पडद्याआडची पाहुणी

घरातून बाहेर पडायला बाकीच्यांना अर्धं मिनिट लागतं, मास्तरांना सात लागत. गॅस बंद, नळ बंद, खिडक्या लावलेल्या, इस्त्रीचा प्लग काढलेला. प्लग नुसता काढून भागायचं नाही, तो टेबलावर समोर दिसेल असा ठेवायचा. मग कुलूप, कुलपाला तीन हिसके, अर्धा जिना उतरणं आणि पुन्हा वर. तोवर त्यांची बायको कोपरा ओलांडून गेलेली असे. ती बसडेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसायची आणि रोज पन्नास भांडणं पचवून घरी यायची. "यांच्या भीतीला पगार असता ना," ती म्हणायची, "तर मी केव्हाच नोकरी सोडली असती."

मास्तर पडदे आणि मच्छरदाण्या शिवत, खिडक्यांना जाळ्या बसवत. वय अठ्ठावन्न. हातात कसब होतं, पण काळीज सशाचं. ते जन्मापासून तसं नव्हतं. सतरा वर्षांचे असताना ते एका शिंप्याकडे काम शिकत होते. एका दुपारी गरम इस्त्री कापडावर तशीच ठेवून जेवायला गेले. परत आले तर गल्लीत माणसं जमलेली आणि दुकानाच्या दारातून काळा धूर. माणूस कुणी दगावला नाही, पण दुकान गेलं. शिंपी त्यांना एका शब्दानं बोलला नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढे चाळीस वर्षं वाटत राहिलं.

अशा माणसाच्या घरात लेकीनं सरडा आणला.

लेक टाकून दिलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात कामाला होती. कुणी भाडेकरू खोली सोडून निघून गेला होता आणि माशांच्या काचेच्या पेटीत हा जीव मागे राहिला होता. कुंपणावर मान हलवणारा साधा सरडा नव्हे; हा रंग बदलणारा. डोक्यावर शिडासारखा तुरा, शेपटीची सुरळी आणि दोन दिशांना फिरणारे दोन डोळे. ते डोळे आता खोल गेले होते. बरगड्या मोजता येत होत्या आणि पाठीवर दिव्यानं भाजल्याचा डाग होता. निवाऱ्यात कुत्री भुंकली की तो काळाठिक्कर पडायचा.

"बाबा, फक्त सहा आठवडे," लेक म्हणाली. "मी प्रशिक्षणाला चाललेय, तिकडे धड फोनही लागत नाही. त्याला शांत जागा हवी. तुमच्या कामाच्या खोलीइतकी शांत जागा मी कुठून आणू? आणि जाळीचं घर तुमच्यापेक्षा चांगलं कोण बांधणार?"

मास्तर दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे होते. "चावतो का?"

"चावेलही एखादे वेळी. पण तुम्ही त्याला घाबरता त्याहून जास्त तो तुम्हाला घाबरतो."

"ते शक्य नाही," मास्तर म्हणाले.

मायलेकी हसल्या. मास्तर मुळीच विनोद करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन सगळं समजावून गेल्या. काचेत हवा कोंडते आणि त्याला आपलंच प्रतिबिंब शत्रू वाटतं, म्हणून चारी बाजूंनी जाळी हवी. लांबीपेक्षा उंची महत्त्वाची, कारण हा झाडावरचा प्राणी. चढायला फांद्या, लपायला पानं. वाटीतलं पाणी तो पीत नाही. पानांवर थेंब पडायला हवेत. आणि दिवे दोन. एक ऊब देणारा, दुसरी उन्हाचं काम करणारी नळी. ती नसेल तर त्याची हाडं मऊ पडतात.

"दिवे दिवसभर चालू?" मास्तरांनी विचारलं.

"बारा तास."

कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या खोलीत, बारा तास, तापलेला दिवा. त्या रात्रीचं जेवण मास्तरांच्या घशाखाली उतरलं नाही. सकाळी उठून त्यांनी पहिलं काम केलं ते सगळे गठ्ठे बाहेरच्या खोलीत हलवण्याचं. बायको म्हणाली, "आता मी झोपू कुठे?" मास्तर म्हणाले, "पडद्यांवर झोप, पण जिवंत राहा."

सहा दिवस ते घर उभं राहत होतं. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची छातीएवढी उंच चौकट. पहिल्यांदा त्यांनी सवयीनं नायलॉनची जाळी लावली, मग दिव्याजवळ ती वितळेल या विचारानं दचकून सगळी उसवली आणि धातूची बसवली. तारेचं एकेक टोक कानशीनं घासून आत दुमडलं, आणि मग डोळे मिटून आतून सगळीकडे बोट फिरवलं. बोटाला ओरखडा आला तिथे पुन्हा कानस. दिवा जाळीच्या बाहेर, वर, दोन साखळ्यांना टांगला. एक तुटली तर दुसरी. सगळ्यात वरच्या फांदीवर त्यांनी आपला हात पालथा ठेवला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दिव्याखाली तसाच धरला. चटका बसला. फांदी चार बोटं खाली घेतली आणि पुन्हा दहा मिनिटं. कुंड्यांतली पानं धुतली, मातीवर गिळता येणार नाहीत एवढे मोठे गोटे रचले. पाणी झिरपून जायला तळाच्या ट्रेला भोकं पाडून खाली बादली ठेवली.

लेक निघाली त्या सकाळी तिनं सरड्याला नव्या घरात सोडायला लावलं ते मास्तरांनाच. "वरून धरायचं नाही, बाबा. वरून झडप घालतो तो शिकारी. हात समोर ठेवा, तो आपणहून चढेल."

एकेक पाय चिमट्यासारखा त्यांच्या बोटांना धरत तो चढला. मास्तरांच्या अंगावर काटा उभा राहिला. श्वास रोखून ते पुतळ्यासारखे उभे राहिले, आणि तो अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे असा डुलत पानांत शिरला.

पहिले दोन आठवडे बरे गेले. पाहुणा हिरवा झाला, डोळे वर आले, कॅल्शियमची पांढरी पूड लावलेले नाकतोडे जीभ फेकून टिपू लागला. मास्तर मशीनवर बसत आणि दर पंधरा मिनिटांनी उठून दिव्याची वायर चाचपून येत. रस्त्यावर कुठे धूर दिसला तरी धावत घरी येत.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं खाणं टाकलं.

मग तो खाली उतरला. जो जीव कधी जमिनीला पाय लावत नव्हता तो ट्रेच्या कोपऱ्यात नखांनी ओरबाडत राहिला. एक कोपरा, मग दुसरा, मग जाळीवर चढणं, मग पुन्हा खाली. अंगाचा रंग काळपट पडला, त्यावर पिवळेनिळे ठिपके उमटले.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," बायको डबा भरता भरता म्हणाली. "घर आवडलं नसेल त्याला."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्यांच्याही मनात नेमकं तेच होतं. कुठला तरी डिंक विषारी निघाला असेल, कुठलं तरी पान. पुन्हा एकदा आपल्या हातून काहीतरी राहून गेलं आणि पुन्हा कुणी आपल्याला एका शब्दानं बोलणार नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"मास्तर, मागच्या पायाच्या टाचेवर काट्यासारखं टोक दिसतं का?"

मास्तरांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. "नाही."

"आणि पोट?"

"फुगलंय. दोन्ही बाजूंनी. पिशवीत मणी भरावेत तसं."

"पाठीची जखम बघण्याच्या नादात माझं हे बघायचं राहिलं. मास्तर, ते टोक फक्त नराला असतं. तो नाही, ती आहे. अंडी आहेत पोटात. नर नसला तरी होतात, कोंबडीला होतात तशी. तिला खणायला जागा हवी, आजच. बादलीत ओली वाळू, कोपरापर्यंत हात जाईल एवढी खोल."

"आणतो. मग?"

"मग सगळीकडून पडदा लावा आणि बघू नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खड्डा अर्धवट सोडते. अंडी आत अडकली तर..."

"तर?"

"तर वाचत नाही. दिवसातून एकदा फटीतून बघायचं, बस. दिवसाउजेडी डोळे मिटून पडलेली दिसली, तर तशीच उचलून माझ्याकडे या."

कुलपाला तीन हिसके देणाऱ्या माणसाला बाईंनी बघू नका म्हणून सांगितलं होतं.

मास्तरांनी वाळू पाच पाण्यांनी धुतली. मुठीत दाबली तर लाडवासारखी राहील इतकीच ओली ठेवली. बादलीत भरून स्वतःच्या हातानं तिरकं बीळ खणलं, हात बाहेर काढला आणि बीळ ढासळतं का ते बघत बसले. ढासळलं नाही. मग ते बुजवून बादली आत ठेवली. दिव्याच्या हातभर खालून सुरू होणारा पडदा शिवला आणि त्यात बोटाएवढी फट ठेवली. फटीवर त्यांनी बायकोला नेमलं. स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता.

पहिल्या दिवशी आतून फक्त खरखर ऐकू आली. मशीनच्या धडधडीनं ती बिचकेल म्हणून मास्तरांनी काम बंद ठेवलं आणि स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. खरखर थांबली की त्यांचा श्वास थांबे. दुसऱ्या दिवशी बायकोनं फटीतून पाहून सांगितलं, "डोकं खाली, शेपूट वर. खणतेय." तिसऱ्या दिवशी बायको लवकरच्या पाळीवर गेली होती, आणि सकाळपासून आत काही म्हणजे काही वाजत नव्हतं.

दहा वाजले, अकरा वाजले. आजचं एकदाचं बघणं अजून शिल्लक होतं. मास्तर अनवाणी गेले आणि फटीला डोळा लावला.

फांद्यांवर ती नव्हती. जाळीवर नव्हती. ट्रेमध्ये नव्हती. बादलीत वाळू होती, सपाट, आणि कडेला बिळाचं तोंड असावं तिथे नुसता एक खळगा.

वाळू खचली. ती खाली आहे, गाडली गेलीय.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. डॉक्टरीणबाई एका कुत्र्याच्या शस्त्रक्रियेत होत्या. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा तेच. मास्तरांनी बाही वर सारली आणि जाळीचं दार उघडलं. हात आत गेला, वाळूच्या वर एक वीत अंतरावर आला आणि तिथे थांबला. खणलं आणि ती गुदमरत असली तर वाचेल. खणलं आणि ती अंडी घालत असली तर आपणच मारली. ती वाळू ढासळत नव्हती, हे त्यांनी आपल्याच हातानं पाहिलं होतं. पण आपल्या हाताचा काय भरवसा?

किती वेळ ते तसे उभे होते, त्यांना नंतर सांगता आलं नाही. खांदा भरून आला तेव्हा त्यांनी हात बाहेर घेतला, दार लावलं, आणि त्या दाराला एकही हिसका न देता स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

बायको चारला आली. त्यांचा चेहरा पाहून तिनं पिशवी दारातच टाकली आणि सरळ फटीशी गेली.

"अहो," ती कुजबुजली. "अहो, वर आलीय ती. वाळू लोटतेय मागच्या पायांनी. झाकतेय!"

मास्तर भिंतीशी बसूनच राहिले. बायको येऊन शेजारी जमिनीवर बसली. "मी हात घातला होता आत," ते म्हणाले. "वाळूला लागायला वीतभरच राहिलं होतं." एरवी तिला कोटी सुचली असती. तिनं फक्त त्यांची वर सारलेली बाही खाली ओढून मनगटाचं बटण लावलं.

संध्याकाळी पडदा काढला तेव्हा ती फांदीवर होती, काटकुळी, तुऱ्यापासून शेपटीपर्यंत वाळूनं माखलेली. पानांवर थेंब सोडले तर वीस मिनिटं ती पाणीच पीत राहिली. बादलीत अंडी निघाली सदतीस, पांढरी, बोराच्या बीएवढी. यातून पिल्लं निघाली तर, ही नवी भीती मास्तरांना लागली, पण डॉक्टरीणबाईंनी फोनवरच ती घालवली. नर नाही, पिल्लं नाहीत. तिला खाणं आणि ऊब जरा बेतानं द्या, म्हणजे पुढच्या खेपेला अंडी कमी होतील.

"पुढची खेप?" मास्तर म्हणाले.

लेक परत आली तेव्हा पाहुणी हिरवीगार होती आणि मास्तर दोन किलोंनी उतरले होते. निवाऱ्यात अजूनही शांत कोपरा नव्हता. लेकीनं जरा चाचरतच विचारलं, "बाबा, ठेवायची का इथेच?"

"मला भीती वाटते तिची. तिच्यासाठीही वाटते."

"म्हणजे नको?"

"नको असं मी कुठे म्हणालो?"

पाहुणी पुढे पावणेदोन वर्षं, शेवटपर्यंत, त्याच खोलीत राहिली. आणखी दोनदा अंडी घातली, आणि दोन्ही वेळा तीन तीन दिवस मास्तरांच्या घशाखाली घास उतरला नाही.