रतीशच्या टीव्हीवर टीचर गायल्या

आमचा रतीश चाळिशीचा झाला तरी त्याचं मन अजून पंच्याऐंशी सालातच नांदतंय. घरामागच्या पडवीत त्याचा स्टुडिओ: तपकिरी पडदा, प्लास्टिकचे गुलाब आणि भंगारातून आणलेला धोंड्याएवढा कॅमेरा. दर रविवारी चारला केरळातल्या आमच्या इरिंजालकुड्याच्या केबलवर त्याचा कार्यक्रम लागतो. अर्धा तास नकला आणि गाणी, सगळं जुन्या टीव्हीसारखं. निवेदिका मी, त्याची थोरली बहीण. पन्नाशीत जरीकाठाची पांढरी साडी नेसायची, मोगरा माळायचा आणि हसू दाबून म्हणायचं, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व." व्यत्यय आणणारा हाच! लोक त्यालाच जास्त हसतात.

जुनं दिसावं म्हणून तो चित्रावर पांढऱ्या रेघा पाडतो आणि आवाज घासलेल्या टेपसारखा मुद्दाम डगमगवतो. ती त्याची खासियत.

तंगमणी टीचरांना बोलवायची अक्कल मात्र माझी. आम्हां दोघांच्या गाण्याच्या बाई, वय चौऱ्याहत्तर. सहा वर्षं त्यांनी गायला तोंड उघडलं नव्हतं. सूर हलतो, अशी धास्तीच घेतली होती. मुलींना शिकवायच्या तेही वीणेवर वाजवून. मी हात धुऊन मागे लागले.

"हसं करशील गं माझं," टीचर म्हणाल्या.

"हसू आलंच तर रतीशच्या थोबाडाकडे बघून येईल, टीचर."

आल्या. आणि अहो, काय गायल्या! सूर तंबोऱ्याला असा चिकटला की रतीश यंत्र सोडून नुसता ऐकत बसला.

"हलला का रे?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"केसभरही नाही, टीचर."

त्या दिवशी टीचरांनी तीन पळमपोरी खाल्ल्या, केळ्याची भजी त्यांना वर्ज्य असूनही. विजयादशमीपासून पुन्हा गाऊन शिकवेन म्हणाल्या. रविवारी कार्यक्रम बघायला सगळ्या शिष्यांना वाचनालयातल्या टीव्हीपुढे बोलावलंनी.

रविवारी वाचनालय भरलं. माझं निवेदन झालं, टाळ्या पडल्या. टीचरांचा चेहरा आला, रेघारेघांचा. आणि पहिलाच सूर डगमगला. दुसरा त्याहून जास्त. मी रतीशकडे पाहिलं, तर त्याचं तोंड पांढरंफटक. मेल्यानं सवयीनं सगळ्या कार्यक्रमावर, टीचरांच्या गाण्यासकट, तोच डगमगवणारा हात फिरवला होता! मागे कोणीतरी खुदकन हसलं. त्यांची तरी काय चूक, आमच्या कार्यक्रमात हसायचंच असतं.

मी तिथल्या तिथे उठून सांगायला हवं होतं. नाही उठले. चारचौघांत भावाची चूक कशी काढायची, म्हणून गप्प बसले. त्या सहा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

टीचरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग शिष्यांना म्हणाल्या, "ऐकलंत ना? म्हणून गात नव्हते मी."

तासाभरात आम्ही मूळ रेकॉर्डिंग घेऊन त्यांच्या घरी गेलो. रतीशनं पाय धरले, काय घोळ घातला ते सगळं कबूल केलं आणि गाणं लावलं. सूर सरळ, लख्ख. टीचर डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

गाणं संपलं. टीचरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"किती खपलास रे बाळा! यंत्रावर माझा सूर अगदी पूर्वीसारखा करून दिलास."

"मी काही केलं नाही, टीचर! हाच खरा आहे. आईशप्पथ!"

"टीचर, मी होते ना तिथे," मी म्हटलं. "माझ्या कानांनी ऐकलंय."

"मग वाचनालयात का नाही बोललीस?"

रतीश लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"उगी, उगी," टीचर त्याची पाठ थोपटत म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला खोटं बोललात. त्यात काही पाप नाही रे."