साप न चावलेली कपिली

मूर्तिजापूरजवळच्या आपल्या गावात महादेवराव प्रसिद्ध होते ते कधीही न चुकण्याबद्दल. एसटी हुकली तर ती वेळेआधी गेलेली असे. वरण खारट झालं तर दोष मिठाचा असे. त्यामुळं त्यांची कपिली गाय गोठ्यात फास बसून मेली, तेव्हा ती साप चावून मेली.

कपिली म्हणजे त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, माहेराहून आणलेल्या गाईची नात. जुनं दावं तुटलं म्हणून महादेवरावांनी नायलॉनची दोरी बांधली.

"अवो, हे सरकगाठ हाये. गळ्याले आवळन," बाई म्हणाल्या.

"तू आता मले गाठ शिकवतं?"

सकाळी गाय थंड. गाव जमलं. महादेवरावांनी साप सांगितला, गावानं भिडेखातर मानला, कपिलीला शेताच्या धुऱ्यावर पुरलं. वच्छलाबाईंनी वाद घातला नाही. चहा मिळे, भाकर मिळे. शब्द तेवढा मिळेना.

हे सोसवेना, तेव्हा महादेवराव मूर्तिजापुरात मोरोपंत भटजींकडे गेले. "महाराज, गोहत्येचं प्रायश्चित्त काय असते? एका दोस्तासाठी पुसून राहिलो."

मोरोपंतांनी दोस्ताला नीट न्याहाळलं. "प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. या शब्दाचा जुने लोक असा अर्थ लावतात. होम, दान नंतर. निश्चय पहिल्यांदा. ज्याचं गेलं, त्याच्यासमोर उभं राहून केलेलं कबूल करायचं."

"त्यापेक्षा ब्राह्मणभोजन घातलं तं?"

"जेवू की. पण ते आमच्या अंगी लागेल, दोस्ताच्या नाही."

घरी आले तेव्हा वच्छलाबाई रिकामा गोठा झाडत होत्या. महादेवराव दारातच थांबले. आयुष्यात न केलेली गोष्ट करायला जीभ वळेना.

"साप नवता," ते म्हणाले. "गाठ माही होती."

खराटा थांबला.

"मले मालूम हाये. लोक यायच्या आंधी म्याच इळ्यानं फास कापला. तुमची लाज झाकली."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलाची वाट पाहून राहिली होती. तवा तुमी बोलले असते, तं दोघं मिळून रडलो असतो. आता माहं रडून झालं."

त्या पुन्हा झाडू लागल्या. कबूल केलं की मन हलकं होतं, असं महादेवराव ऐकून होते. त्यांनी मदतीला म्हणून शेणाचं रिकामं टोपलं उचललं आणि तसेच उभे राहिले. गोठ्यात भरायला काही नव्हतं.