हातावरचा पत्ता

बारावीचा निकाल लागला आणि लातुरात आमच्या क्लासमधली निम्मी मुलं पुन्हा त्याच क्लासमध्ये जाऊन बसली. मेडिकलला चार-पाच मार्क कमी पडले की वर्षभर रिपीट करायचं, अशी रीतच पडली होती. मी मात्र तुर्कस्तानात जायचा फॉर्म भरत होतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या गावात घरं बांधायला आलेल्या संस्थेनं आता तिकडच्या भूकंपात कामाला आमच्याच भागातली मुलं मागितली होती. सहा महिने, बिनपगारी.

"फॉरेनला जाऊन फुकट विटा वाहणार? मग विटांसाठी केमिस्ट्री कशाला केलीस?" रूमवरचा मित्र म्हणाला. मी फॉर्म भरत राहिलो. आमच्या घरात बारावीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि सगळे मला डॉक्टर धरूनच चालले होते.

फॉर्मवर आई-वडील दोघांची संमती हवी होती, म्हणून तो घेऊन गावी गेलो. वडील म्हणाले, "सगळं वाचून दाखव. काही गाळू नको."

मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेलो आणि शेवटच्या पानावर अडखळलो. मृत्यू झाल्यास कुणाला कळवायचं, देह कुठं पाठवायचा, असं तिथं विचारलं होतं. ते सोडून द्यावं असं वाटलं, पण वडील माझ्या तोंडाकडेच बघत होते. मी वाचलं. त्यांनी कशीबशी सही केली. आई उठून चुलीपाशी गेली.

दोन दिवस तिनं फॉर्मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "हातावर नाव गोंदून घे. मग अंगठा देते."

का, ते मला ठाऊक होतं. भूकंपात आत्या ओळखू आली ती हातावरच्या गोंदणामुळं. माझ्या धाकट्या बहिणीच्या हातावर काहीच नव्हतं. ओळीनं ठेवलेल्या लेकरांपैकी तिघींची तोंडं आईनं पदरानं पुसून पाहिली होती. तरी तिची खात्री झाली नाही. शेवटी सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला.

ती मला माहूरला घेऊन गेली. तिथं देवीच्या पायऱ्यांवर मशीनवाला गोंदणारा बसायचा. दर्शन झाल्यावर आईनं मला त्याच्यापुढं बसवलं.

"फक्त नाव न्हाई. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं घाल."

गोंदणारा हसला. "माय, पोरगं पोस्टात टाकायचंय का? पिनकोड बी घालू?"

"बसंल का?" आईनं विचारलं.

त्याचं हसू गेलं. त्यानं माझं मनगट मांडीवर ओढलं. कोपरापासून खाली तीन ओळी भरल्या. मधेच मी हात आखडला, तर आईनं तो दाबून धरला.

काम झालं तरी ती उठेना. आईला वाचता येत नव्हतं आणि माझ्यावर, गोंदणाऱ्यावर तिला भरवसा ठेवायचा नव्हता. शेजारी बांगड्या विकणारे एक म्हातारे बसले होते. तिनं माझा हात त्यांच्यापुढं धरला.

"चाचा, काय लिहिलंय बघा बरं."

चाचांनी चष्मा वर सरकवला आणि बोट लावून वाचलं. माझं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका औसा, जिल्हा लातूर, शेवटी पिनकोड. ते वाचताना त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

"कुणालाबी वाचता येईल नं?"

"हाव बहन. अक्षर लई साफ हाय."

मग आईनं पिशवीतून फॉर्म काढून पायरीवर पसरला, गोंदणाऱ्याच्या शाईत अंगठा बुडवला आणि म्हणाली, "कुठं द्यायचा, दाखव."

मी जागा दाखवली. तिनं अंगठा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. तोवर जायचं हे माझ्या मनात पक्कं होतं. तो कागद वाळत असताना पहिल्यांदाच मला वाटलं, तिनं नको म्हणायला हवं होतं.