ठाण्याचा सदरा

"लेकीला सांग, तू कोण हायेस," जमादार म्हणाला.

ठाण्याच्या व्हरांड्यात, काढून ठेवलेल्या चपलांशेजारी माझा बाप उकिडवा बसला होता. मी भाकरी घेऊन गेले होते. बा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी चोर हाय."

"मोठ्यानं."

"मी चोर हाय."

घरी आम्ही आमची बोली बोलायचो. बा मराठी बोलायचा ती फक्त बाजारात आणि साहेबापुढे. हे वाक्य त्यानं मराठीत म्हटलं, अगदी स्वच्छ. सराव असल्यासारखं. मी भाकरी त्याच्यापुढे ठेवली आणि तांड्यावर परत आले.

गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. पुढे ती त्याच्याच पुतण्याकडे सापडली. हे सांगायला तांड्यावर कुणी आलं नाही. बावर खटला झालाच नव्हता, मग त्याला निर्दोष कोण म्हणणार? शिक्षा मात्र झाली होती. पाठीवर दिसत होती.

तांड्यात पाळी होती. गावात चोरी झाली की ठाण्यातून आमच्या नाईकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, निरोप यायचा. एक माणूस पाठव. नाव नसायचं. कुणीही चालायचा. मग नाईक पाळी बघायचा. मागच्या वेळी या घरातला गेला, आता त्या घरातला. कुणा एकावर अन्याय नको म्हणून. आम्हाला तो न्याय वाटायचा.

जाणाऱ्यासाठी एक सदरा होता. जाड मांजरपाटाचा, नाईकाच्या घरी खुंटीला टांगलेला. अंगावरचे चांगले कपडे फाटू नयेत म्हणून तो घालून जायचं. माणूस परत आला की त्याच्या घरच्या बाईनं सदरा धुऊन नाईकाकडे द्यायचा. बा आला तेव्हा तो मी धुतला. डाग निघेनात. याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, राहू दे, पुढच्याचे त्यात मिसळतील.

बा जाऊन बरीच वर्षं झाली. मरताना तो काय बोलला ते आठवत नाही. व्हरांड्यातलं वाक्य मात्र ऐकू येतं. जीपचा आवाज आला की अजूनही मी हातातलं काम टाकून उभी राहते. मग स्वतःचाच राग येतो.

नवरा वारल्यावर मी माहेरच्या तांड्यावर परतले, पिठाची गिरणी टाकली. मुलगा पिकअप चालवतो. त्याची मुलगी अंगणवाडीत जाते. पाळी बंद झाली असं मी धरून चालले होते.

यंदा गावातल्या गोदामातून सोयाबीनची पोती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाईककाका दारात. काखेत सदरा. जुना फाटला म्हणून कुणीतरी नवा शिवला होता.

मी म्हटलं, काका, त्या रात्री पोराची गाडी कनेरगाव नाक्यावर बंद पडली होती, ढाब्यावरच्या सगळ्यांनी त्याला पाहिलंय.

काका शांतपणे म्हणाला, "त्यानं चोरी केली आसं कोण म्हणतंय? पाळी तुझ्या घराची हाय."

नात उंबऱ्यावर बसून आमच्याकडे बघत होती. उद्या भाकरी घेऊन हीच जाणार.

तेव्हा मला सगळं सरळ दिसलं. पोलिसांचं काम चोर शोधायचं. तो चोर आहे की नाही हे ठरवायचं न्यायाधीशानं. शिक्षा त्यानंतर. आमच्या बाबतीत हे सगळं व्हरांड्यातच उरकत होतं. आणि माणूस निवडायचं काम आम्ही घरबसल्या करून देत होतो.

मी सदरा घेतला. काकाला वाटलं, बाई कबूल झाली. मुलाला म्हटलं, तू तुझ्या भाड्याला जा. सदरा पिशवीत घालून मी ठाण्यात गेले आणि फौजदाराच्या टेबलावर ठेवला. तो माझ्या मुलाच्या वयाचा.

"हे काय?"

"तुमी मागवता तो माणूस हे घालून येतो. आज सदराच आलाय."

संशय असेल तर नाव सांगा, लेखी नोटीस द्या, आम्ही वकील घेऊन येतो, असं मी सांगितलं. पाळीनं माणूस मिळणार नाही, हेही सांगितलं.

"ए बाई, तू कोर्ट हायेस का?"

"न्हाई साहेब. तुमीबी न्हाई."

दारातला शिपाई हसायला लागला आणि मध्येच थांबला. फौजदारानं मला बाहेर बसायला सांगितलं, चपलांकडे बोट करून. मी बाकावर बसले. संध्याकाळी, जा म्हणाले. मी टेबलावरचा सदरा उचलला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी जीप आली. घरोघरी कणग्या उलथल्या, ज्वारी मातीत सांडली. माणूस नेला नाही. तांडा मात्र माझ्यावर उलटला. बायका आता दळण डोक्यावर घेऊन गावातल्या गिरणीवर जातात. माझ्या दारावरून जातात, बोलत नाहीत.

सदरा माझ्याकडेच आहे. काका म्हणतो, दुसरा शिवता येतो. शिवू दे. तो घालून या तांड्यातून कुणीही निघाला, आज मला शिव्या देणाऱ्यांच्या घरातला असला तरी, मी त्याच्यापुढे चालणार. त्या व्हरांड्यात त्याला तोंड उघडायला लावतील, त्याआधी मी बोललेली असेन.