जेवणावळीतलं गाणं

शाळेत होते तेव्हापासून मी सांगलीत शास्त्रीय गाणं शिकले. पहाटेचा रियाज, परीक्षा, सगळं रीतसर. त्यामुळं नाक जरा वरच असायचं. लग्नात गाणाऱ्यांना तर मी गवई मानतच नव्हते. पण नुसत्या शिकवण्यांवर भागेना, तेव्हा मुकाट्यानं एका ऑर्केस्ट्राच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, तासगावला लग्न आहे, तिथं गाऊन दाखवा, जमलं तर ठेवून घेतो.

वडील मोटारसायकलवरून सोडायला आले. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. कचेरीत साधा दाखला मागायचा तरी असे ताठ उभे राहायचे की समोरचा कारकूनच गडबडायचा. लग्नाच्या कार्यालयात शिरले ते थेट पहिल्या रांगेत जाऊन बसले.

अक्षता पडल्या, माणसं जेवायला उठली आणि नेमका तेव्हाच मालकानं मला माईक दिला. समोर रिकाम्या खुर्च्या आणि वडील. बाजूच्या मांडवात पंगत.

जेवताना लोकांना गाणं हवं असतं ते डोक्यावरच्या पंख्यासारखं. चालू असावं, पण त्याच्याकडं बघायला लागू नये. हे मला कुठल्या क्लासात कुणी शिकवलं नव्हतं. तिथं एकच शिकवण, मैफल जिंकायची. मला वाटलं, आपला आवाज पोचत नाही म्हणून माणसं लक्ष देत नाहीत. मग मी पट्टी चढवली, ताना सोडल्या, साउंडवाल्याला खूण करून आवाज वाढवायला लावला. वाढप्यांना आमटी हवी का ते खुणेनं विचारावं लागत होतं. मला ते दिसत होतं आणि तरी मी थांबले नाही, कारण वडील मान डोलवत होते.

शेवटी नवरीचा मामा हात धुऊन स्टेजपाशी आला. "ताई, जरा दमानं. पावण्यांना एकमेकांशी बोलता बी येईना."

पंगतीतल्या बायका हसल्या. मालकानं माझा माईक बंद केला आणि रेकॉर्डवरची सनई लावली. वडील मात्र टाळ्या वाजवत राहिले, एकटेच. त्यांनी थांबावं असं मला इतकं वाटत होतं की त्या क्षणी मला त्यांचीच लाज वाटली. त्या लाजेची लाज अजून गेलेली नाही.

पाणी प्यायला मी स्टेजच्या मागं गेले. पडद्याच्या फटीतून वडील दिसले. मालक माझ्याच वयाचा. त्याच्यापुढं ते मान खाली घालून उभे होते, हात जोडून.

"आवं, पोरगी कच्ची न्हाई. तिला हितला अंदाज नव्हता. एवढ्या बारीला सांभाळून घ्या."

मालक अवघडला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "हात कशाला जोडताय, काका. उद्या मलकापूरला साखरपुडा हाय. पाठवा तिला."

पुढं होऊन मला काम नको म्हणायला हवं होतं. पण काम हवं होतं. मी तोंड धुतलं आणि काहीच बघितलं नाही असं दाखवत बाहेर आले.

परतताना दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. वाऱ्यामुळं वडील मोठ्यानं बोलत होते. "त्यास्नी तुझा गळा लय आवडला बग. मी कायबी बोलायच्या आदी त्यांनीच बोलावलं."

मी मागं बसले होते, तेवढं बरं. "व्हय," मी म्हणाले.